श्रावणातला तारपा

विलेपार्ले,
मंगळवार, ४ सप्टेंबर १९३४

ती. भास्करदादास अंबूचा शि. सा. नमस्कार.

तीन वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता गरज पडली तशी मावसबहिणीला भाऊ आठवला, असं म्हणशील. म्हण बापडा. मला सध्या कुणाचं काही लागत नाही.

गेल्या मंगळवारी, २८ ऑगस्टला, इकडून अहमदाबादेहून परत यायचं होतं. गिरणीतले रंगमास्तर आजारी पडले म्हणून तिथल्या गिरणीत महिनाभर जाणं झालं होतं. काम चांगलं झालं म्हणून शेटजींनी खुशीने तुझ्या मेहुण्यांना विमानाचं तिकीट काढून दिलं. मला पत्र आलं, "मंगळवारी तीन वाजता माडीवर उभी राहा, तुझ्या डोक्यावरून येतो." मी दोनपासून उभी होते. आमच्या माडीवरून जुहूला उतरणारं प्रत्येक विमान ऐकू येतं. त्या दिवशी एकही आलं नाही.

चालक आणि तीन उतारू. बाराला निघालं. दोनच्या सुमारास बलसाडच्या स्टेशनमास्तरांनी पाहिलं. समुद्रावर ढग दाटले होते, म्हणून ते वळून डोंगरांकडे गेलं. त्यानंतर कुणी पाहिलं नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, पुन्हा समुद्राकडे वळलं असेल आणि बुडालं असेल. होड्या घालून शोधलं, एक फळकुटसुद्धा मिळालं नाही. मी विचारलं, बलसाडच्या आतल्या अंगाला डोंगर कुठले? तो नकाशावर बोट ठेवून म्हणाला, धरमपूर, जव्हार, मोखाडा. मोखाडा म्हटल्याबरोबर मी दौत शोधायला उठले. तू तिथे मास्तर आहेस, दादा.

पाड्यापाड्यावर विचार. कुणी काही पाहिलं असेल, काही पडलेलं मिळालं असेल. माझी एवढी एकच मागणी आहे.

अंबू

*

मोखाडा, संस्थान जव्हार,
९ सप्टेंबर १९३४

चि. सौ. अंबूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. धीर धर, एवढंच लिहिण्याची माझी योग्यता.

शाळेला सुट्टी देऊन मी सहा पाडे फिरलो. विमान म्हणजे काय ते इथे कुणाला ठाऊक नाही, म्हणून पाटी बरोबर घेतली आणि खडूने चित्र काढून दाखवलं. पंख, शेपूट, पुढे फिरणारा पंखा, आत बसलेली माणसं. "असलं यंत्र आकाशातून जाताना पाहिलं का? त्याचा आवाज ऐकला का?" सगळ्यांनी माना हलवल्या. नाय गुरजी. डोंगराखालच्या पाड्यावरच्या लाडक्या पाटलाने तर पाटी दोनदा निरखून पाहिली आणि म्हणाला, असलं काय आलं असतं तर आमची गुरं तरी बुजली असती.

जव्हारच्या कचेरीतही पत्र दिलं आहे. जामसर, दाभोसा या बाजूनेही काही बातमी नाही. मी स्वतः त्या आठवड्यात हिवतापाने घोंगडीत होतो, आणि खरं सांगायचं तर मीही आजवर विमान पाहिलेलं नाही की ऐकलेलं नाही. तेव्हा साक्षीदार म्हणून मी निकामीच.

भास्कर

*

विलेपार्ले,
१३ सप्टेंबर १९३४

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तू पाटीवर काय काढलं असशील ते मला दिसतंय. लहानपणी तू बैल काढायचास आणि आम्ही त्याला कासव म्हणायचो. रागावू नको. या घरात थट्टा करायला कुणी उरलेलं नाही.

मामंजींना तू ओळखतोस. तीस वर्षं शिरस्तेदारी केलेला माणूस. त्यांना रडायलासुद्धा कागद लागतो. त्यांनी शास्त्रीबुवांना बोलावून विचारलं. शास्त्रीबुवा म्हणाले, माणूस नुसता नाहीसा झाला तर बारा वर्षं वाट पाहायची. गेल्याचा खात्रीचा पुरावा असला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. मामंजींना बारा वर्षं नको आहेत. पितृपक्ष तोंडावर आला, मुलगा अन्नपाण्यावाचून लटकत राहील, सर्वपित्रीच्या आत काय ते झालं पाहिजे असं म्हणतात. कुठून तरी एक जबानी मिळावी म्हणून रोज चार पत्रं लिहितात. त्यांचंही काळीज तुटतंय, नाही असं नाही. पण पुतळा जळला की माझं कुंकू पुसायचं. मग न्हावी बोलवायचा की नाही यावर आत्याबाई आत्तापासून सासूबाईंशी कुजबुजतात.

मी घाबरते असं समजू नको. गेले असतील तर मी रडेन आणि पुसेन. पण कुणाच्या तरी घाईसाठी नाही पुसणार. मला खरं हवंय.

आणि हे बघ, नुसतं "बातमी नाही" असं दोन ओळींचं पत्र धाडू नको. तिकडचं काही बाही लिही. माझ्याशी दिवसभर कुणी बोलत नाही.

अंबू

*

मोखाडा,
१७ सप्टेंबर १९३४

चि. सौ. अंबूस अनेक आशीर्वाद.

बातमी नाही. तू काही बाही लिही म्हणालीस, म्हणून इथलं एक प्रकरण लिहितो. तेवढंच तुझं मन दुसरीकडे जाईल.

इकडे तारपा म्हणून एक वाजप असतं. वाळका दुधी भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तोडत नाही, त्यामुळे घटकाघटका एकच सूर घुमत राहतो. भात कापून नवा दाणा देवाला दाखवला की मगच तो बाहेर काढायचा. शेतात भात पोटरीत असताना, कणीस फुटण्याआधी, कुणी वाजवला तर कणसरी, म्हणजे धान्याची देवी, रुसून निघून जाते आणि सगळ्या पाड्याची खाचरं पोचट राहतात, अशी यांची पक्की समजूत.

तर लाडक्या पाटलाच्या पाड्यावर श्रावणातच एका दिवशी डोंगरावरून तारपा ऐकू आला म्हणे. पाड्याची पाचावर धारण बसली. तारपा वाजवणारा पाड्यात एकच, पोश्या. त्याच्यावर आळ आला. तो शपथा घेतोय, मी नाही वाजवला. पंचांनी त्याचा तारपा फोडला आणि त्याला वाळीत टाकलं. आता तो बायकोला घेऊन पाड्याबाहेर झाप बांधून राहतो. तिला झऱ्यावर पाणी भरू देत नाहीत. तिचे दिवस भरत आलेत आणि गोजाबाई सुईण म्हणते, पंचांनी सांगितल्याशिवाय मी तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवायची नाही.

परवा ती, रुपी तिचं नाव, शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "त्यानं नाय वाजविला, गुरजी. तो बाजारात व्हता. तुम्ही लिवणारं मानूस, लिवून द्या ना." मी काय लिहून देणार? मी तिला मीठ दिलं आणि परत पाठवलं. भित्रा माणूस मी, तुला ठाऊकच आहे.

भास्कर

*

विलेपार्ले,
२० सप्टेंबर १९३४

दादा,

मायना लिहायला हात थांबत नाहीये. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. अरे, शहाणा की वेडा तू?

एकच सूर, श्वास न तोडता, घुमणारा, डोंगरावरून! दादा, विमान असंच ऐकू येतं. लांबून येताना भुंगा भांड्यात कोंडल्यासारखं घूं घूं घूं. मध्ये कुठे थांबत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या सासूबाईंना वाटलं होतं, शेजारी कुणी जातं ओढतंय. ज्याला जे ठाऊक, त्याला ते ऐकू येतं!

तू पाटी घेऊन यंत्र विचारत फिरलास. त्यांनी यंत्र ऐकलंच नाही ना! त्यांनी तारपा ऐकला, आणि तो कुणाला सांगायचा नव्हता.

उठ आणि जा. विमानाचं नाव काढू नको. प्रत्येक पाड्यावर विचार, श्रावणात तारपा ऐकलात का, कुठल्या दिवशी, कुठल्या बाजूने आला, कुठे गेला, कुठे थांबला. पाया पडते तुझ्या.

अंबू

*

मोखाडा,
२८ सप्टेंबर १९३४

चि. सौ. अंबूस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या एकटीच्या नावावर, तुमच्या शेजारच्या जोशीणबाईंच्या पत्त्यावर धाडतो आहे. मामंजींच्या हाती पडू देऊ नको. कारण खाली आहे.

तू म्हणालीस तसंच झालं. मी तारपा विचारला आणि माणसं गप्प झाली. मान कुणी हलवली नाही. दाभोशाला काळी नावाची म्हातारी नदीकाठी गवत कापत होती. तिने विळा खाली ठेवला आणि कानांवर हात धरले. "ऐकला, पर बोलायचा नाय." जामसरला दोघांनी ऐकला. मोखाड्याच्या अलीकडच्या तीन पाड्यांनी ऐकला. प्रत्येक पाड्याला वाटत होतं, आपल्याच माणसाने हे पाप केलं, म्हणून प्रत्येकाने तोंड शिवलं होतं. सूर मावळतीकडून आला आणि उगवतीकडे गेला. ढग डोंगरावर टेकले होते, दिसलं कुणालाच नाही. लाडक्या पाटलाच्या पाड्यावर तो दोनदा फिरून आला, पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा खाली. गुरं परतायच्या जरा आधी, चारच्या सुमारास. आणि मग थांबला. लाडक्या म्हणाला, "वाजविणारा दम सोडतो तसा नाय, गुरजी. कुणी तोंडावर हात ठेवावा तसा." दिवस विचारला तर सगळ्यांचं उत्तर एक, बाजाराचा दिवस. मोखाड्याचा बाजार मंगळवारचा असतो, अंबू.

डोंगराच्या पलीकडच्या उतारावर सुकऱ्याचा पाडा आहे. तिथे कुणीच काही ऐकलेलं नाही. दोन्ही पाड्यांमध्ये कोसभर रान. मी तीस माणसं घेतली, कोयते घेतले, तीन दिवस ते रान दरीपर्यंत पायाखाली घातलं. मोडलेली फांदी नाही, जळलेलं झाड नाही, कापडाचा तुकडा नाही. तिसऱ्या दिवशी माणसं हळूहळू मागे राहू लागली. शेवटी माझ्याबरोबर पोश्या तेवढा उरला, आणि तोही म्हणाला, गुरजी, हितं पाखरूसुद्धा बोलत नाय, चला. मी थांबून ऐकलं. खरंच नव्हतं बोलत. मी त्याच्या पुढे धावत खाली आलो, हे लिहायला लाज वाटते.

आता कारण. पोश्याला परत घ्यायला पंच तयार आहेत, पण जव्हारच्या कचेरीत मी जबानी देऊन, तो आवाज २८ ऑगस्टच्या विमानाचा होता आणि ते इथे डोंगरात नाहीसं झालं, असा शिक्क्याचा कागद आणला तर. तो कागद कंपनीकडे जाईल आणि तुझ्या मामंजींकडेही. त्यांना तेवढंच हवं आहे. मी जबानी दिली नाही तर तुझं कुंकू बारा वर्षं राहतं. रुपीला नववा महिना संपत आला आहे. सांग, मी काय करू?

भास्कर

*

विलेपार्ले,
१ ऑक्टोबर १९३४

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र घेऊन मी न्हाणीघरात बसले. तेवढीच एक जागा आहे जिथे दाराला कडी आहे. खूप रडले. मग तोंड धुतलं आणि आरशात बघून नीट कुंकू लावलं.

मी खरं मागितलं होतं, तू आणून दिलंस. आता ते कडू लागलं म्हणून झाकून ठेवा असं मी म्हणू शकत नाही. माझं कुंकू राहावं म्हणून तिकडे एखादी बाई सुईणीवाचून तडफडावी? मी तिला पाहिलेलं नाही, पण तुझ्या पत्रातून ती रोज माझ्या दाराशी येऊन उभी राहते. इकडे हे कळलं असतं तर इकडून मला काय बोलणं झालं असतं ते मला ठाऊक आहे.

जबानी दे. आजच जा. माझा विचार करून एक शब्द कमी करू नको.

अंबू

*

मोखाडा,
२१ ऑक्टोबर १९३४

चि. अंबूस अनेक आशीर्वाद.

सर्वपित्रीला पुतळा जाळला, हे मामंजींच्या पत्रावरून कळलं. पार्ल्याला येण्याचं धैर्य झालं नाही. आज लिहितो आहे तेही धैर्याने नाही, झोप लागत नाही म्हणून लिहितो.

मी ३ तारखेला जव्हारला जबानी दिली. ५ तारखेला पंचांनी पोश्याला पाड्यात घेतलं. रुपीला त्याच रात्री कळा सुरू झाल्या आणि गोजाबाई तिच्याकडे गेली. दोन रात्री बाई अडली होती.

६ तारखेला मी मीठ घ्यायला बाजारातल्या जिवा वाण्याच्या दुकानात गेलो. बोलता बोलता तो म्हणाला, बरं झालं पोश्या सुटला. त्या बाजाराला तो दिवसभर माझ्याच दुकानी पोती उचलत होता, दिवे लागेपर्यंत. मग म्हणाला, तो बाजार मला चांगला आठवतो गुरुजी, बुधवारी भरला होता. मंगळवारी नदीला पूर, व्यापारी पलीकडेच अडकले. मी तापात होतो, मला काही ठाऊक नव्हतं. शाळेत येऊन हजेरीबुक काढलं. बाजाराच्या दिवशी आम्ही अर्धी शाळा सोडतो. दुसऱ्या मास्तरांच्या अक्षरात अर्धी शाळा मांडली आहे २९ ऑगस्टला. बुधवारी.

अंबू, विमान मंगळवारी बाराला निघालं. कंपनीच्या कागदात लिहिलं आहे, त्यात चार तासांपुरतंच तेल होतं. मग बुधवारी चार वाजता आमच्या डोंगरावर दोनदा काय फिरलं? पोश्या दुकानात होता. दुसरं विमान त्या दिवशी या बाजूला नव्हतं, मी कंपनीला विचारून घेतलं. आणि दाभोशापासून इथपर्यंत इतक्या पाड्यांवरच्या माणसांनी तो सूर ऐकला आहे. मी कान झाकून पडून राहतो.

आता सर्वांत वाईट ते लिहितो. ६ तारखेलाच माणूस धाडून तार केली असती तर ८ तारखेचा अग्नी थांबला असता. मी तार लिहिलीसुद्धा होती. पण तो विमानाचा आवाज नव्हता असं पाड्यावर कळलं असतं, तर गोजाबाई त्या झापातून उठून गेली असती, आणि मूल आडवं होतं. मी तार खिशात ठेवली. ७ तारखेला पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नंतर तार करायला वेळ होता की नव्हता, हे मी स्वतःला रोज विचारतो. होता, अंबू. तेव्हा मात्र मी नुसता घाबरलो. जबानी खोटी ठरली तर कचेरीत काय सांगू, पोश्याचं काय होईल, तुला काय तोंड दाखवू. दिवस सरला.

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

तुझा अपराधी
भास्कर

*

विलेपार्ले,
२५ ऑक्टोबर १९३४

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तू मायन्यात नुसतं "चि. अंबूस" लिहिलंस. मागचं "सौ." गाळताना तुझा हात किती वेळ थांबला असेल ते शाईच्या डागावरून कळलं.

७ तारखेच्या पहाटेपर्यंत तू जे केलंस ते मीही केलं असतं. त्यानंतरचा जो दिवस, तो तुला माफ करायला मला वेळ लागेल. किती लागेल ते सांगता येत नाही. मुलगी सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रागही आला.

तुझं पत्र मी लपवलं नाही. परवा दुपारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे बुधवारी तो वर होता?" मग म्हणाल्या, "रात्रभर कुठे होता मग?" आणि ताट तसंच टाकून देवघरात जाऊन बसल्या. रात्रीपर्यंत उठल्या नाहीत.

मामंजी म्हणाले, पुतळा जळला, तेरावं झालं, शास्त्राप्रमाणे तो गेला. मी विचारलं, आणि आले तर? त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, तसा गेलेला परत आला तर तो नव्याने जन्मला असं धरतात. त्याचं जातकर्म करायचं, नाव ठेवायचं, मुंज करायची, आणि मग त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं.

मी म्हटलं, ठीक आहे. मग मी लग्नाची आहे. आणि सगळ्यांच्या देखत उठून करंडा काढला आणि कुंकू लावलं. आत्याबाई ओरडल्या. मामंजींनी खोलीचं दार लावून घेतलं. काल दिवसभर माझ्या पुढ्यात कुणी ताट ठेवलं नाही. मी आपलं आपण वाढून घेतलं आणि जेवले.

जबानी फिरवू नको. पोश्याला पुन्हा त्या रानात घालवून मला काही मिळायचं नाही. जे ऐकू आलं ते काय होतं, ते मला ठाऊक नाही, तुला नाही, आणि तुझ्या त्या लाडक्या पाटलालाही नाही. ते इकडचंच विमान असेल असं मी म्हणत नाही. नसेल असंही मला कुणी सांगू नये. घरात आता दिवे लागल्यावर सगळे कान देऊन बसतात, आणि जुहूचं विमान आलं की एकमेकांकडे बघत नाहीत. हे घर मला आता सहन होत नाही.

सोमवारी गाडीने डहाणूला उतरते. तिथून बैलगाडी मिळो न मिळो, मंगळवारी रात्री मोखाड्यात असेन. बुधवारी चारच्या आत मला त्या डोंगरावर पोचव. तुला भीती वाटत असेल तर खाली थांब, मी एकटी चढेन. आणि आता नवा भात आला, तारपे निघाले असतील. पाड्यावर सांगून ठेव, तेवढा वेळ कुणी वाजवू नका म्हणावं.

अंबू